सुनेला रडवणारा

दादरच्या मंडईत विचारलं, बटाट्यात काय काय आहे?
तो म्हणाला, बटाट्यात बटाटा आहे, बाई.
एक नवा, एक जुना.
जुना न्या, वड्याला बरा.

दोन किलो जुना घेतला
आणि पिशवी उचलताना युसेबिया आठवली,
कुस्कोच्या वरच्या अंगाला, घोंगडीवर बटाटे मांडून बसलेली.
काळे, जांभळे, बोटांएवढे, एक तर मांजराच्या पंजासारखा.
प्रत्येकाचं नाव ती घेत होती
अंगणातल्या पोरांना जेवायला हाका माराव्यात तसं.

आम्ही सहा जण. निघताना भाचा म्हणाला होता,
पेरूसाठी एवढ्या लांब कशाला, मावशी?
खाली गाडीवर मिळतो, तिखटमीठ लावून.
गोराईचा आग्नेलो मिस्किटा आणि त्याची बायको,
कुंदा पाठारे, दाताचे डॉक्टर बर्वे, मी,
आणि खारदांड्याची चांगुणा तांडेल,
जिच्या जहाजावरच्या मुलानं पैसे भरून सांगितलं,
आई, एकदा तरी दुसऱ्याच्या हातची मासळी खा.

लिमाला खाल्ली. कच्ची, लिंबात मुरवलेली.
त्या आंबट पाण्याला तिकडे वाघाचं दूध म्हणतात.
बर्वे म्हणाले, आम्हाला शाळेत वाघिणीचं पाजलं,
ते इथे मीठ मागायलाही उपयोगाचं नाही.
चांगुणा हसली नाही. चार दिवस ती बोललीच नव्हती.
डोंगरावर दम लागला, कोणी कोकाची पानं दिली चघळायला,
तेव्हा तेवढं विचारलं, चुना नाही?

मग युसेबियानं एक बटाटा उचलला,
नुसती गाठोडी, खाचाखोचांचा.
नाव तिच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये गेलं,
तिथून दुभाष्या पोराच्या इंग्रजीत,
तिथून बर्व्यांच्या मराठीत येऊन पडलं:
सुनेला रडवणारा.
सासू हा सोलायला देते. साल जाड निघाली, तर सून नापास.

चांगुणा उठली. कोयती नाही म्हणून सुरी मागितली,
खाली बसली, पाय दुमडून,
आणि साल काढली, एकच, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.
लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, ती म्हणाली,
मला पाटीभर बोंबील दिले होते साफ करायला.
आणि बोटांवर मोजू लागली:
बोंबील, मांदेली, मुडदुशी, करली, वाकटी,
ढोमा, शिंगाळा, रावस, दाढा,
घोळ – इथे जरा थांबली, घोळ आता नावालाच –
पाला, खाजरी, तारली.
युसेबिया एका माशाला एक बटाटा देत गेली.
दुभाष्याला कोणी काही विचारेना.
तो कोपऱ्यात बसून जेवला.

निघताना तिनं मूठभर वाळके बटाटे दिले,
थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात सुकवलेले.
चांगुणानं वास घेतला. सुकट आहे ही, म्हणाली,
आणि पदरात बांधली.

आज तिच्या घरी जमलोय, खारदांड्याला.
बाहेर काठ्यांवर बोंबील वाळतायत.
सुरमईवर लिंबं पिळून झाली, ती हळूहळू पांढरी होतेय.
कुंदाची एकादशी, म्हणून तिचं ताट वेगळं:
बटाटा, रताळं, दाण्याची आमटी, मिरची, राजगिऱ्याची पुरी.
सगळं तिकडच्या बाजूचं, कधीतरी बोटीतून आलेलं.
समुद्र ओलांडला की माणूस बाटायचा म्हणे.
हे मात्र आलं आणि थेट उपासाला बसलं.
कुंदा म्हणाली, मेले, जेवू तरी द्या.

मी डायरीत नावं लिहून आणली होती.
पानावर लिंबाचा डाग, शाई पसरलेली.
बर्व्यांना एकही आठवेना.
चांगुणाला अकरा पाठ आहेत. तिला लिहिता येत नाही.

पिशवीतला दादरचा जुना बटाटा ती सोलते,
सगळे सारखे, गोल, मातकट,
आणि ताटात टाकताना प्रत्येकाला एकेक नाव देते.
कोणतं कोणाचं, माहीत नाही.
बटाटे काही बोलत नाहीत.
अकरा झाले की पुन्हा पहिल्यापासून.